पंप-नोझलचं काम झाल्यावर ट्रक धूर का टाकतो? जुन्या डिझेल गाडीच्या तपासणीचा क्रम

इंजिनाला मापून, दाबाने डिझेल देणारा पंप कॅलिब्रेशन करून (बेंचवर माप लावून) आणला, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे सहाही नोझल नवे टाकले, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचं किट बदललं, फिल्टर बदलले. एवढं करून गाडी सुरू केली तर मागून धुराचा लोट. मालक म्हणतो पंपवाल्याने काम बिघडवलं. पंपवाला म्हणतो तुमचं इंजिनच गेलंय. आणि ड्रायव्हर सेल्फ मारमारून बॅटरी बसवतो. माझा अनुभव असा की बऱ्याचदा दोघंही चुकलेले असतात. दोष पंपाच्या पोटात नसतो आणि रिंगांतही नसतो. पंप काढता-बसवताना जे युनियन (पाइप जोडणारे नट), वॉशर, पाइप आणि बँजो बोल्ट (आतून डिझेल जाणारे पोकळ बोल्ट) उघडले गेले, त्यांपैकीच एखादा नीट बसलेला नसतो. म्हणून पंप परत खोलून पाठवणं हा शेवटचा उपाय. त्याआधी गाडीवरच, पाने-पक्कड आणि थोड्या डिझेलच्या जोरावर काय काय तपासता येतं, ते क्रमाने लिहितोय.

हे सगळं जुन्या, यांत्रिक इनलाइन पंपाच्या (प्रत्येक सिलिंडरला पंपाचा वेगळा एलिमेंट, सगळे एका रांगेत) गाड्यांसाठी आहे. टाटाची १२१० किंवा १६१३, लेलँडच्या जुन्या हिनो इंजिनाच्या गाड्या, आणि त्याच पिढीतलं बाकीचं. उदाहरण म्हणून डोळ्यांसमोर टाटाचं ६९७ इंजिन ठेवतो, कारण महाराष्ट्रातल्या कुठल्याही ट्रक टर्मिनलवर त्याचा हात बसलेला मेस्त्री सापडतो. सहा सिलिंडर, ९७ मिमी बोअर, १२८ मिमी स्ट्रोक, ५६७५ सीसी, फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. कॉमन रेलच्या (एका सामाईक नळीत दाबाने डिझेल साठवणाऱ्या नव्या) गाडीवर यातलं पाइप सैल करण्याचं काहीही करू नका. तिथे रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो.

दाबाचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी आधीच सांगतो. नोझल टेस्टरवर (नोझलचा दाब आणि फवारा तपासणाऱ्या हातपंपावर) हँडल मारताना फवाऱ्यापुढे हात धरू नका. २०० बारने निघालेलं डिझेल कातडीतून आत घुसतं, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि नंतर बोट कापायची वेळ येऊ शकते. असं झालं तर दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटल गाठा. दुसरं, पंप बसवल्यावर पहिल्यांदा सेल्फ मारण्याआधी स्टॉपरचा (इंजिन बंद करण्याचा) लिव्हर हाताने ओढून सोडून बघा. तो मोकळेपणाने जाऊन स्प्रिंगने परत आला पाहिजे. डिलिव्हरी व्हॉल्व्हचे (पंपाच्या प्रत्येक तोटीतल्या व्हॉल्व्हचे) होल्डर जास्त आवळले गेले की एलिमेंटचं बॅरल आवळतं आणि डिझेलचं माप कमी-जास्त करणारी रॅक अडकते. अडकलेल्या रॅकवर इंजिन सुरू झालं तर ते रेस घेत सुटतं आणि स्टॉपरलाही जुमानत नाही. त्यामुळे पहिल्या स्टार्टला एअर क्लिनरचा पाइप काढून ठेवा आणि इनटेकचं तोंड बंद करायला जाड लाकडी फळी घेऊन एक माणूस उभा करा. हात नाही, कापड नाही, फळीच. पंपाला इंजिनाच्या ऑईलची लाइन नसून स्वतःचं ऑईल असेल तर तेही भरलंय का बघा. कॅलिब्रेशनहून पंप बहुतेक कोरडाच येतो.

आधी विचारपूस

बोनेट उघडण्याआधी चार प्रश्न विचारा. काम करायच्या आधी गाडीची तक्रार काय होती? नेमकं काय काय बदललं? काम करणाऱ्याने गाडी लोडवर चालवून बघितली की नुसती उभ्यावर रेस दिली? आणि धूर कधी येतो: थंड स्टार्टला, आयडलवर, रेस देताना, की लोडवर चढाला?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सगळे धुराच्या रंगावर जातात, पण रंग एकटा फार फसवतो. संध्याकाळच्या उन्हात पांढरा धूर निळा वाटतो, काळ्या ताडपत्रीसमोर निळा धूर पांढरा दिसतो. धूर कधी येतो आणि त्याला वास कसला आहे, हे दोन्ही रंगाला जोडून बघितलं की अर्धं निदान तिथेच होतं. डोळ्यांत चुरचुरणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. बिनवासाचा, पाइपपासून दोन-तीन फुटांवर विरून जाणारा पांढरा धूर म्हणजे वाफ. जळक्या ऑईलचा उग्र वास आणि हवेत रेंगाळणारा निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल. काळा म्हणजे काजळी: डिझेल जास्त किंवा हवा कमी.

तक्रार आधी वेगळी होती का, हेही ऐकून घ्या. गाडी ओढत नाही म्हणून पंप केला असेल तर जुना, घासलेला पंप डिझेलच कमी देत होता. आता तो पूर्ण माप देतोय आणि थकलेल्या इंजिनाला ते जाळता येत नाही. आधी लपलेलं दुखणं आता दिसायला लागलं, एवढंच. अशा वेळी पंपवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही.

पहिल्या तासाचा धूर धरू नका

हवा काढताना आणि सुरू होत नसलेल्या गाडीला सेल्फ मारताना प्रत्येक वेळी थोडं डिझेल न जळता सायलेन्सरमध्ये जाऊन बसतं. त्यात टेस्ट बेंचचं कॅलिब्रेशन ऑईल, नोझल बसवताना लावलेलं वंगण. गाडी सुरू झाली की हे सगळं तापून पांढरा-करडा धूर होऊन बाहेर पडतं. शिवाय गाडी आता जास्त जोरात फुंकत असेल तर सायलेन्सरमध्ये साठलेली जुनी काजळी ढेकळांसारखी उडते.

म्हणून निदान करण्याआधी गाडी किमान तासभर चालवा, तीही थोड्या लोडवर. आयडलवर तासभर उभी ठेवण्याचा उपयोग नाही, उलट सायलेन्सर आणखी ओला होतो. टेंपरेचर काटा नेहमीच्या जागी आल्यावर जो धूर उरतो तोच तपासायचा. अपवाद एक: धुराबरोबर ठोका येत असेल, ऑईल प्रेशर पडलं असेल किंवा इंजिन रेस घेत असेल तर ताबडतोब बंद करा.

पांढरा धूर: इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो

इंधनाच्या कामानंतरचा धूर बहुतेक वेळा पांढरा असतो. कॉम्प्रेशनच्या शेवटी सिलिंडरमधली हवा पाचशे अंशांच्या वर तापलेली असते आणि त्यात बारीक फवारा वेळेवर पडला तर डिझेल पेटतंच. नाही पेटलं याचा अर्थ तीनपैकी एक: फवारा बारीक नाही, फवारा वेळेवर नाही, किंवा हवा पुरेशी तापलेली नाही.

सुरुवात हवेपासून करा, म्हणजे गाडीने धरलेल्या एअरपासून. मिस मारणं, आयडल वर-खाली होणं आणि अधूनमधून पांढरा भपका ही तिची खूण. एअर काढण्याचा क्रम असा:

१. टाकीत डिझेल पुरेसं आहे बघा, आणि टाकीचा व तळाच्या वाटीचा पाण्याचा प्लग उघडून पाणी-गाळ काढा. पावसाळ्यात हे चुकवू नका.
२. फीड पंपाच्या तोंडाची जाळी धुवा.
३. पहिल्या फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारा. बुडबुडे संपून सलग धार आली की प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा.
४. मग दुसरा फिल्टर, त्यानंतर पंपावरचा एअर स्क्रू. क्रम उलटा करू नका.
५. शेवटी दोन-तीन नोझलच्या युनियन सैल करून सेल्फ मारा. डिझेल उडायला लागलं की आवळा.

एवढं करूनही अर्ध्या-एक तासात एअर परत धरत असेल तर सक्शन बाजू बघा, म्हणजे टाकी ते फीड पंप. ही बाजू ओढणारी आहे, त्यामुळे तिथल्या फटीतून डिझेल गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि मेस्त्री भलतीकडेच शोधत बसतो. खात्री करायचा सोपा मार्ग: टाकीची लाइन सोडून फीड पंपाला एका स्वच्छ कॅनमधून थेट डिझेल द्या, पारदर्शक पाइपने. पाइपमध्ये बुडबुडे दिसले नाहीत आणि धूर गेला, की दोष टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये आहे. बहुधा बँजोचा वापरलेला तांब्याचा वॉशर, चिरलेला रबर पाइप किंवा टाकीतल्या सक्शन पाइपची तडा गेलेली झाळणी सापडते.

ओव्हरफ्लो व्हॉल्व्हसुद्धा तपासा. पंपाच्या गॅलरीतून (एलिमेंटना डिझेल पुरवणाऱ्या पोकळीतून) टाकीकडे परत जाणाऱ्या लाइनवर तो बोल्टसारखा दिसणारा व्हॉल्व्ह असतो आणि गॅलरीत साधारण १ ते दीड बार दाब राखतो. काम करताना तो हरवला म्हणून त्याच मापाचा साधा बँजो बोल्ट मारून दिलेल्या गाड्या सर्रास दिसतात. बाहेरून फरक कळत नाही. गाडी मात्र सकाळी उशिरा सुरू होते, पांढरा धूर टाकते आणि चढाला मरते.

एअरचा प्रश्न नसेल तर एकेक सिलिंडर बघायचं. गाडी आयडलवर ठेवा, चष्मा लावा, नोझलच्या युनियनवर फडकं धरा आणि पान्याने युनियन अर्धा फेरा सैल करा. डिझेल गरम मॅनिफोल्डवर किंवा टर्बोवर पडू देऊ नका, आग लागते. जे सिलिंडर काम करतंय ते सोडल्यावर इंजिनाचा आवाज खाली बसतो, बॉडी थरथरते. ज्या सिलिंडरला सोडूनही आवाज बदलत नाही, ते सिलिंडर आधीच मेलेलं आहे. आणि त्याच वेळी मागचा धूर कमी झाला तर गुन्हेगार सापडला. मागे उभ्या माणसाला हाताने खूण करायला सांगा, कारण आवाजात बोलणं ऐकू येत नाही. इन्फ्रारेड गन असेल तर थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सहाही तोंडांचं तापमान घ्या. मेलेलं तोंड बाकीच्यांपेक्षा थंड असतं.

समजा चार नंबर सापडला. आता लगेच नोझल दोषी ठरवू नका. चार आणि पाच नंबरचे नोझल अदलाबदल करा. दोष नोझलबरोबर पाच नंबरला गेला तर नोझल. चारलाच राहिला तर पाइप, पंपाचा तो एलिमेंट किंवा सिलिंडर. नवा नोझल विकत घेऊन टाकण्यापेक्षा ही अदलाबदल केव्हाही स्वस्त.

नोझल काढलाच आहे तर खालच्या बसण्याच्या जागेत टॉर्च मारा. नोझल वर येतो तेव्हा जुना तांब्याचा वॉशर पुष्कळदा काजळीने हेडला चिकटून खालीच राहतो. काळ्या भोकात काळा वॉशर, दिसतच नाही. मग मेस्त्री नव्या नोझलला नवा वॉशर लावून वरून बसवतो आणि एकाच्या जागी दोन वॉशर होतात. नोझलचं टोक तेवढं वर राहतं, फवारा पिस्टनमधल्या खळग्यात पडायच्या ऐवजी कडेला आपटतो आणि ते सिलिंडर जन्मभर पांढरा धूर टाकतं. तारेचं टोक आकड्यासारखं वाकवून कडेने फिरवा. धातूची धार तारेला अटकली तर वॉशर खाली आहे. काढल्यावर सीट लाकडी काडी किंवा पितळी ब्रशने साफ करा, आणि कचरा सिलिंडरमध्ये पडला असेल तर नोझल लावण्याआधी एक-दोन फेरे इंजिन फिरवून उडवून टाका.

नोझल बदलताना सहाही नोझलच्या मानेवर कोरलेला नंबर वाचा. डीएलएलए नंतरचा आकडा फवाऱ्याचा कोन सांगतो. सहांपैकी एक वेगळ्या कोनाचा निघाला तर ट्यूनिंग कितीही केलंत तरी गाडी सुधारणार नाही. नाशिकला त्र्यंबक रोडवरच्या चौकाला लोक अजूनही मायको सर्कलच म्हणतात, पण नोझल बनवणाऱ्या मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं, आणि बाजारात जुन्या मायको पॅकिंगच्या नकला भरपूर फिरतात. ओळखीच्या दुकानातून बिलावरच घ्या.

पाइपही बघा. एकच पाइप वर्षानुवर्षं आवळला की त्याच्या निपलचं शंकूसारखं टोक आत दबतं आणि भोक बारीक होत जातं. सहाही पाइपच्या तोंडात एकच ड्रिल बिट किंवा तार घालून बघा. पाइप वाकवून लांबी जुळवलेली असेल तर तो बदला. सहाही पाइपची लांबी मुद्दाम सारखी ठेवलेली असते. आणि दोन शेजारचे पाइप उलटसुलट लागलेले नाहीत ना, हे बोट फिरवून पंपापासून नोझलपर्यंत मागोवा घेत तपासा. पंपाची एक नंबरची तोटी एक नंबर सिलिंडरला, हा साधा नियम घाईच्या वेळी पहिला मोडतो.

एकाच सिलिंडरला नाही, सगळ्यांनाच धूर

सहाही सिलिंडर सारखे वागत असतील तर टायमिंगकडे, म्हणजे पंप डिझेल कधी सोडतो त्या वेळेकडे, वळा. पंप काढून बसवलाय म्हणजे टायमिंग हाताळलेलं आहेच. टायमिंग मागे राहिलं असेल तर थंड इंजिन बराच वेळ पांढरा धूर टाकतं, गरम झाल्यावर कमी होतो, गाडी ओढत नाही, लोडवर धूर करडा-काळा होतो आणि सायलेन्सर तापतो. पुढे गेलं असेल तर कडक, सुका ठोका ऐकू येतो.

खूपच मागे, म्हणजे गाडी नुसती पांढरे ढग टाकते आणि सुरूच होत नाही, तर पंप एक पूर्ण क्रँक फेरा चुकलेला असू शकतो. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरते तेव्हा पंप एकदा फिरतो. एक नंबरच्या टीडीसीची (पिस्टन अगदी वर असण्याची) खूण जुळली, पण ती एक्झॉस्टची टीडीसी होती, तर सगळं १८० अंश उलटं बसतं. व्हॉल्व्ह कव्हर काढून एक नंबरचे दोन्ही टॅपेट सैल आहेत का बघा. सैल असतील तरच ती कॉम्प्रेशनची टीडीसी.

स्पिल टायमिंग, म्हणजे डिझेलची धार थांबण्याच्या क्षणावरून बघितलेलं टायमिंग, गाडीवरच तपासता येतं. एक नंबरचा पाइप काढा, डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर उघडून आतला व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग बाहेर काढून स्वच्छ डिझेलमध्ये ठेवा, होल्डर परत लावा, त्याला हंसाच्या मानेसारखा वाकलेला छोटा पाइप जोडा. स्टॉपर रनिंग स्थितीत, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बांधलेला. प्रायमर मारून धार सुरू ठेवा किंवा वर टांगलेल्या डब्यातून गुरुत्वाने डिझेल द्या. आता इंजिन त्याच्या फिरण्याच्याच दिशेने पान्याने सावकाश फिरवा. धार बारीक होत थेंबांवर येते, मग थेंब दहा-पंधरा सेकंदाला एक असा पडतो. थांबा. त्याच क्षणी फ्लायव्हील किंवा पुलीची खूण तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधल्या अंशांवर पाहिजे. पुढे गेलात तर परत मागे फिरवून जुळवू नका, गिअरच्या मोकळ्या खेळामुळे माप खोटं येतं. चांगलं पाव फेऱ्याने मागे जाऊन पुन्हा पुढे या.

टायमिंग बरोबर, एअर नाही, नोझल ठीक, तरीही थंड स्टार्टला पांढरा आणि गरम झाल्यावर बंद, तर हवाच तापत नाहीये. टॅपेट गॅप बघा, मग कॉम्प्रेशन घ्या. सहा आकड्यांत एखादा चार-पाच बार खाली असेल तर त्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा रिंगांत दुखणं आहे. ज्या हेडमध्ये नोझलभोवती तांब्याची स्लीव्ह असते तिथे आणखी एक शक्यता: अडकलेला नोझल खेचून काढताना स्लीव्हही हलली आणि आता जॅकेटचं पाणी सिलिंडरमध्ये उतरतंय. हा धूर वाफेचा, चुरचुरत नाही, गरम झाल्यावरही थांबत नाही आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होतं. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडून, इंजिन सुरू ठेवून बुडबुडे येतात का बघा. पाणी जात असलेली गाडी चालवत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल. पाणी दाबलं जात नाही.

काळा धूर

काळा धूर दिसला की लोक पंपाकडे धावतात. मी आधी एअर क्लिनर उघडतो. कोरडा कागदी फिल्टर ठोकून-ठोकून वापरलेला असेल तर तो बाहेर काढून दोन मिनिटं गाडीला रेस द्या. धूर निम्म्यावर आला तर फिल्टर बदलायचा आणि विषय संपला. तपासणीपुरतंच, धुळीत असं चालवायचं नाही. जुन्या ऑईल बाथ क्लिनरमध्ये ऑईल खुणेच्या वर भरलं असेल तर तेही आत ओढलं जातं.

टर्बो गाडीत टर्बो ते मॅनिफोल्डची होज तेलकट आणि फाटलेली आहे का, क्लॅम्प सैल आहेत का, ते बघा. लोडवर शिट्टीसारखा आवाज आला की गळती. मॅनिफोल्डमधून पंपाच्या बूस्ट कंपेन्सेटरला (टर्बोच्या हवेच्या दाबाप्रमाणे डिझेल वाढवणाऱ्या भागाला) जाणारा बारीक पाइप पंप काढताना बाजूला करावा लागतो आणि परत लावायचा राहून जातो. तो सुटलेला असेल तर गाडी मरगळते. पण पंपवाल्याने कंपेन्सेटरचं सेटिंग वाढवून ठेवलेलं असेल तर टर्बो हवा भरायच्या आधीच जास्त डिझेल जातं आणि प्रत्येक पिकअपला काळा भपका निघतो. उभ्यावरून पिकअप घेताना एखादा छोटा भपका मात्र जुन्या टर्बोचा स्वभावच आहे.

एक्झॉस्ट ब्रेक असलेल्या गाडीत त्याची झडप अर्धवट बंद अडकली आहे का, तेही बघा. पंपाशी काहीच संबंध नसलेली ही गोष्ट पुष्कळ पंपांना बदनाम करून जाते.

हवेची बाजू स्वच्छ निघाली तर मगच डिझेल. स्टार्टिंगला जास्त डिझेल देणारी यंत्रणा सुटून परत आली आहे का? फुल लोडच्या स्टॉप स्क्रूचं सील शाबूत आहे का? ड्रायव्हरला जोर पाहिजे म्हणून सील तोडून डिझेल वाढवणं आपल्याकडे फार चालतं. कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना गाडी हलकी वाटते खरी, पण पिस्टनचा माथा आणि टर्बो त्याची किंमत मोजतात. नोझल ठिबकत असेल तर आयडलवर करडा धूर, ठोका आणि लोडवर काळा, असं मिश्रण दिसतं. टेस्टरवर नोझल लावा. जुन्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत उघडण्याचा दाब साधारण २०० ते २५० बारच्या दरम्यान असतो, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. त्या दाबाच्या २० बार खाली दहा सेकंद धरून ठेवा: टोकाला थेंब लोंबता कामा नये. मग हँडल मारा. प्रत्येक भोकातून सारखी, धुक्यासारखी धार, करकर आवाज आणि शेवटी झटक्यात बंद. एखादी धार पिचकारीसारखी सरळ जात असेल तर तो नोझल परत करा.

निळा धूर

इंधनाच्या कामाचा निळ्या धुराशी थेट संबंध कमीच. पण एक गोष्ट सोडू नका: डिपस्टिक. पंप इंजिनाच्या ऑईलवर चालत असेल आणि एलिमेंटची सील किंवा फीड पंपाचं पॅकिंग गळत असेल तर डिझेल पंपातून सरळ सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यात) उतरतं. ऑईलची पातळी घटायच्या ऐवजी वाढते, ऑईल पातळ होतं, बोटावर घेतलं तर डिझेलचा वास येतो. पातळ झालेलं ऑईल रिंगांवरून वर येऊन जळतं आणि धूर निळसर होतो. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. बेअरिंग जाण्याची भीती आहेच, पण ऑईल फार वाढलं तर तेच इंधन होऊन इंजिन सुटू शकतं. गळती दुरुस्त करा, ऑईल आणि ऑईल फिल्टर दोन्ही बदला.

पातळी नेहमीसारखी असेल तर इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या पाइपवर तळवा धरा. जोरात फुंक मारत असेल तर रिंगा. रात्रभर उभ्या गाडीचा सकाळचा पहिला भपका निळा आणि नंतर साफ, तर व्हॉल्व्ह गाईड. लांब उतारानंतर परत पिकअप घेताना निळा, तर टर्बोची सील किंवा गाईड. यातलं काहीच पंपवाल्याचं नाही.

पीयूसी

पीयूसीवाल्याकडे डिझेल गाडीची तपासणी फ्री अॅक्सिलरेशनने होते, म्हणजे उभ्या गाडीला पूर्ण रेस देऊन. बीएस-४ आधीच्या गाड्यांना धुराची मर्यादा ६५ एचएसयू (हार्ट्रिज स्मोक युनिट, धुराच्या दाटपणाचं माप), म्हणजे प्रकाश अडवण्याच्या मापात प्रति मीटर २.४५. बीएस-४ ला ५० एचएसयू, म्हणजे १.६२. थंड इंजिन आणि काजळी भरलेला सायलेन्सर घेऊन गेलात तर चांगला पंपही नापास होतो. आधी दहा-पंधरा किलोमीटर दमदार चालवा, मग जा.

पंप परत पाठवायची वेळ आली तर

सहाही नोझल टेस्टरवर पास, स्पिल टायमिंग बरोबर, एअर नाही, हवेची बाजू मोकळी, कॉम्प्रेशन सारखं, आणि तरी धूर. आता पंप काढा. पंपाबरोबर एक चिठ्ठी द्या: धूर कुठल्या वेळी आणि कुठल्या रंगाचा, कुठलं सिलिंडर संशयित, इंजिनाचा नंबर आणि पंपाच्या पट्टीवरचा पूर्ण नंबर. कॅलिब्रेशनचा चार्ट त्या पंपाच्या नंबरवरून निघतो. नुसतं १६१३ चा पंप म्हटलं तर तो अंदाजाने दुसऱ्याच आवृत्तीचा चार्ट लावेल. बेंचवर सहाही एलिमेंटचं डिझेल आयडलला आणि फुल लोडला वेगवेगळं किती येतं, तो छापील किंवा हाताने लिहिलेला कागद मागून घ्या. फुल लोडला सगळे सारखे आणि आयडलला एक मागे असेल तर त्याचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह तपासायला सांगा. सील मारूनच पंप परत घ्या, आणि सील मारलेल्या स्क्रूचा फोटो जागेवर काढून ठेवा.